कडब्याचं शेण, पेंडीचं शेण

बुधवार पेठेत शेण मिळणं अवघड आहे, आणि मला ते पिंपभर हवं होतं.

आमचा वाडा तांबड्या जोगेश्वरीजवळच्या एका बोळात. मी अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात हिशेब लिहिते. गाईम्हशींशी माझा संबंध दुधाच्या पिशवीपुरता. वाड्यात उरलेल्या बिऱ्हाडांनी मिळून ठरवलं, की ओला कचरा रोज बाहेर देण्याऐवजी परसातच त्याचा गॅस करायचा. एक हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी आणि तिच्यात उपडी घातलेली साडेसातशे लिटरची दुसरी. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. ही जोडी गच्चीवर उन्हात ठेवावी असं सगळ्यांना वाटत होतं, पण लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या जुन्या इमारतीवर टनभर ओझं चढवायला कोणी धजेना. मग परसात जिथं सर्वांत जास्त वेळ ऊन असतं तो कोपरा रिकामा केला.

टाकी बसवायला आलेल्या गृहस्थांनी सांगितलं, की खरकटं घालण्याआधी टाकीत शेणकाला भरायला हवा, कारण गॅस करणारे जिवाणू शेणातून येतात. हे मला समजलं. मग त्यांनी विचारलं, "ताई, शेण कुठलं आणणार? ती जनावरं खातात काय?" हे मात्र समजलं नाही. आपल्याला हवं शेण. त्यासाठी जनावराच्या खाण्याची चौकशी कशाला? ते घाईत होते. "फरक पडतो, बघा," एवढं म्हणून गेले. तो फरक कसला, हे समजून घेण्यात माझा सगळा उन्हाळा गेला.

शेण तीन ठिकाणांहून जमलं. आमच्याच पेठेत देवळाच्या वाटेवर एक बाई गाय घेऊन बसतात. येणारे-जाणारे त्यांच्याकडून गवताची पेंढी विकत घेऊन गाईला घालतात. कोणी घरची पोळी आणतं, कोणी भात, कोणी गूळ. त्यांनी एक बादली दिली. दुसरं शेण शहराबाहेरच्या एका गवळ्याकडचं. त्याच्या म्हशींना सरकी पेंड, मक्याचा भरडा, हरभऱ्याची चुनी आणि वर हिरवा मका. तिसरं पुरंदर तालुक्यातल्या माझ्या मामाच्या गोठ्यातलं. तिकडे हिरवं काही उरलं नव्हतं. गाई शाळूच्या कडब्यावर होत्या.

तिन्ही बादल्या शेजारी ठेवल्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की शेण नावाची एकच वस्तू नाही. मामाकडचं शेण घट्ट, हातात गोळा वळेल असं, आणि त्यात कडब्याचे तुकडे सरळ दिसत होते. गवळ्याकडचं सैल आणि काळपट, दर्प उग्र, अधूनमधून मक्याच्या दाण्याचे पिवळे तुकडे. देवळाजवळच्या गाईचं अगदी पातळ, आणि त्याला आंबूस वास.

आमच्या वाड्यातल्या आजींचं बालपण खेड्यात गोवऱ्या थापण्यात गेलेलं. त्यांनी बादल्यांवरून नजर फिरवली आणि मामाच्या शेणाकडे बोट दाखवलं. "गोवरीला हे. काडी असते ना आत, ती धरून ठेवते. पेंडीचं शेण थापलं तरी पसरतं." म्हणजे आजींना खाण्यावरून शेण ओळखता येत होतं. मग जे शेण चुलीत चांगलं जळतं, त्याचा गॅसही जास्त यायला हवा, असं मला वाटलं. तसं का होत नाही, हे कळायला वेळ लागला.

दोन-दोन लिटरच्या बाटल्यांत सारख्या वजनाचं शेण आणि सारखं पाणी घातलं, तोंडाला फुगे बांधले आणि बाटल्या परसात ठेवल्या. सगळ्यांत आधी फुगला तो पातळ शेणाचा फुगा. पण तो गॅस पेटेना. पुढं वाचनातून कळलं, की सुरुवातीला निघतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेन करणारे जिवाणू सावकाश वाढतात, आणि गॅस पेटता होतो तो त्यांचा जम बसल्यावर. मामाच्या शेणाचा फुगा उशिरा वर आला आणि हळूहळू वाढत राहिला. गवळ्याचं शेण त्याच्या पुढं गेलं, पण थोडंच. फरक पडतो तो एवढाच का, हे मला कळेना.

उत्तर पाण्यात होतं. ताज्या शेणात साधारण ८० टक्के पाणी असतं, आणि सैल शेणात त्याहून जास्त. तिन्ही शेणं पत्र्यावर पसरून वाळवली आणि तोलली, तेव्हा पातळ शेणातून हाताला फारच थोडं लागलं. ओल्या शेणाच्या वजनावर गॅसचा हिशेब करणं म्हणजे भिजलेल्या पोत्यासकट धान्य तोलणं. सुक्या वजनावर हिशेब मांडला तेव्हा गवळ्याचं शेण मामाच्या शेणाच्या बरंच पुढं निघालं. माझ्या बाटल्यांवर कोणी विसंबू नये, पण इथून पुढं मी छापील आकडे शोधायला लागले.

ते सापडले हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ सालच्या मार्गदर्शिकेत. शेणातल्या एक किलो सेंद्रिय भागातून जास्तीत जास्त किती मिथेन निघू शकतो, याचे कोष्टक त्यात आहे. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपातल्या दुभत्या गाईसाठी २४० लिटर. भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईसाठी १३०, इतर गुरांसाठी १०० आणि म्हशीसाठीही १००. हे आकडे जनावराच्या जातीवर आणि त्याच्या आहारावर अवलंबून असतात, असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. तिकडच्या गाईला धान्य, मूरघास (मुरवलेला हिरवा चारा), पेंड मिळते. इकडच्या गाईला कडबा, भुसा, भाताचा पेंढा. (म्हशीचा १०० हा आकडा सगळ्या म्हशींची सरासरी, गवळ्याच्या गोठ्यातली पेंड खाणारी म्हैस त्या सरासरीत कितपत बसते याची मला शंका आहे.)

अमेरिकेत हाशिमोटो, व्हॅरेल आणि चेन या तिघांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला सर्वांत पटणारा वाटला, कारण त्यात देश तोच, जनावरं त्याच प्रकारची, बदललं फक्त खाणं. मांसासाठी वाढवलेल्या ज्या गुरांच्या खाण्यात ९२ टक्के मक्याचं मूरघास होतं, त्यांच्या शेणातल्या सेंद्रिय भागातून किलोमागं सुमारे १७० लिटर मिथेन निघाला. मूरघास ७ टक्क्यांवर आणून बाकी भर धान्यावर दिला, तेव्हा सुमारे २९०.

हे वाचून माझा गोंधळ वाढला. पेंड आणि धान्य पचायला सोपं, कडबा अवघड. सोपं ते गाईनं पचवलं, म्हणजे त्यातून शेणात काही उरायलाच नको. कडबा अर्धाअधिक न पचता बाहेर येतो, म्हणजे उरलेली ताकद त्याच्याच शेणात असायला हवी. मग आकडे उलटे का?

आमच्या दुकानात नेहमी येणाऱ्या एका निवृत्त पशुवैद्यांना मी हे विचारलं. पुस्तकं बाजूला ठेवून ते स्टुलावर बसले. "गाईच्या पोटात पहिला कप्पा असतो ना, तीच तुमची टाकी," ते म्हणाले. तिथंही हवा नसते, तिथंही हेच जिवाणू, तिथंही मिथेन होतो. गाय तो ढेकरेतून बाहेर टाकते. खाल्लेल्या वैरणीतली साधारण साडेसहा टक्के ऊर्जा अशीच जाते. "म्हणजे तुमच्या टाकीत जातं ते एकदा टाकीतून निघालेलं. त्या जिवाणूंना जे फोडता आलं नाही, ते त्यांच्या भावंडांना तरी कसं फुटणार?"

कडब्यात तंतू असतात आणि त्या तंतूंना लिग्निन नावाच्या चिवट पदार्थानं बांधलेलं असतं. ताट जितकं जून, तितकं लिग्निन जास्त. हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना ते जवळजवळ खाताच येत नाही. गाईच्या पोटात दोन-तीन दिवसांत नाही आणि टाकीत चाळीस दिवसांतही नाही. शिवाय ते आपल्याबरोबरचा सेल्युलोजही अडवून ठेवतं. भाताच्या पेंढ्यात वाळूच्या जातीची सिलिका आणखी भर घालते, म्हणून मावळ-मुळशीकडच्या पेंढ्यावरच्या गुरांची गत आणखी वाईट. उलट, भरपूर आंबोण, म्हणजे पेंड-भरडा, खाणाऱ्या दुभत्या जनावराच्या पोटातून अन्न लवकर पुढं सरकतं. काही पिष्ट, थोडी स्निग्धता, प्रथिनं आणि पोटात वाढलेले जिवाणू स्वतः, हे सगळं शेणात येतं. तेच मक्याचे पिवळे तुकडे मला बादलीत दिसले होते. टाकीतल्या जिवाणूंना हवं असतं ते हेच.

आजींच्या गोवरीचा उलगडाही इथंच झाला. आग लिग्निनही जाळते आणि सेल्युलोजही. तिला काहीच वर्ज्य नाही. म्हणून कडब्याचं शेण चुलीत मोलाचं आणि टाकीत हलकं.

ज्या प्राण्यांना असा पहिला कप्पाच नाही, त्यांच्या विष्ठेत जास्त उरतं. त्याच कोष्टकात भारतीय उपखंडातल्या डुकरासाठी २९० लिटर आहेत आणि उत्तर अमेरिकेतल्या, धान्यावर वाढलेल्या डुकरासाठी ४८०. माणूसही याच बाजूचा. आपल्याकडे गॅसची सुरुवात शेणाइतकीच मैल्यापासून झाली आहे: मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस केला होता. पुण्याजवळ देहूला डॉ. एस. व्ही. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅससाठी आयुष्य वेचलं. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हे सगळं समजल्यावर डॉ. आनंद कर्वे यांचं म्हणणं मला नीट कळलं. आमच्या परसातल्या टाकीची कल्पना त्यांच्या 'आरती' या पुण्यातल्या संस्थेची. २००६ साली तिला या छोट्या संयंत्रासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा मुद्दा असा, की गाईनं सत्त्व काढून घेतलेलं शेण जिवाणूंना देण्यापेक्षा सत्त्व असलेलं अन्नच का देऊ नये? पिष्ट किंवा साखर असलेल्या दोन किलो पदार्थांतून एका दिवसात सुमारे अर्धा किलो मिथेन निघतो, तेवढ्याच मिथेनला सुमारे ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात, असं संस्थेनं मांडलं. उरलेला भात, किडकं पीठ, आंब्याच्या कोयी, अखाद्य पेंड, असं माणसाला आणि गुरांना नको असलेलं बरंच काही त्यात चालतं.

म्हणून गॅस वाढवायला गुरांना पेंड वाढवावी, हा विचार मला मुळीच पटत नाही. जनावराला पेंड द्यायची ती त्याच्या दुधासाठी आणि त्याच्या तब्येतीसाठी. शेणात उतरतो तो तिचा शेवटचा, लहानसा हिस्सा. गॅससाठी पेंडीवर पैसे घालणारा शेतकरी दोन्हीकडून बुडेल.

पिष्टाची दुसरी बाजू मला गवळ्यानं सांगितली. "देवळाजवळच्या गाईला किती पोळ्या मिळतात, बघितलं का, ताई? लग्नाच्या मांडवामागं गाय भातावर तुटून पडली की पोट फुगतं. जीव जातो." पशुवैद्यांनी त्याचं कारण सांगितलं. शिजलेलं पिष्ट पहिल्या कप्प्यात झपाट्यानं आंबतं, आम्ल साठतं, आणि आम्लात टिकू न शकणारे जिवाणू मरतात. टाकीतही नेमकं हेच घडतं. एकदम खूप भात-पोळी पडली की आम्ल करणारे जिवाणू जोरात सुटतात, मिथेन करणारे मागं पडतात. गॅस येत राहतो, पण पेटत नाही, आणि आंबट वास सुटतो. तेव्हा अन्न थांबवून चांगलं शेण घालायचं, कारण शेण आम्ल सावरून धरतं. त्या गाईच्या शेणाला आंबूस वास का होता, हे कळल्यावर मला वाईट वाटलं. तेव्हापासून मी तिला पोळी घालत नाही, गवताची पेंढी घेते. आमच्या पेठेत श्रद्धेनं गाईला अन्न घालणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी गवतच घालावं, ही माझी कळकळीची विनंती.

मे महिन्यात मामाकडे गेले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. त्यांच्याकडे जुनं गोबरगॅस संयंत्र आहे, लोखंडी झाकणाचं. मामीची तक्रार ऐकून मी चमकले. उन्हाळ्यात टाकी तापलेली असते, जिवाणूंना ऊब आवडते, तरी गॅस पुरत नाही. दोन्ही वेळचा स्वयंपाक होत नाही. आणि घरातले म्हणतात, ही नीट ढवळत नाही. मामी रोज पहाटे शेण कालवते, हात कोपरापर्यंत भरवते, आणि वर हे ऐकते.

मी तिच्या पाटावर बसून हिशेब मांडला. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण, हा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा. २५ किलोत सुका भाग सुमारे ५ किलो, त्यातला सेंद्रिय ४ किलो. किलोला १३० लिटर धरले तर ५२० लिटर मिथेन. गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के, म्हणजे गॅस ९०० लिटरांच्या आसपास. घनमीटरला थोडा कमी. हीच गुरं युरोपातल्यासारखी खात असती तर त्याच वजनाच्या शेणातून दीड घनमीटरहून जास्त. आणि हे आकडे कमाल मर्यादेचे. जून कडब्यावर, अर्धपोटी असलेल्या गुरांचं शेण या १३० च्याही खाली जात असणार. त्यात वैरणच कमी, म्हणून शेणही कमी. काड्या वर तरंगून जाड थर धरतात आणि गॅस खाली अडकतो, ते वेगळंच. म्हणून तर ते लोखंडी झाकण अधूनमधून फिरवायचं असतं.

"म्हणजे माझ्या ढवळण्यात खोट नव्हती," मामी म्हणाली. मामा तिथंच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहाटे झाकण त्यांनी फिरवलं.

या विषयावर लिहायचं ते मुख्यतः यासाठी. संयंत्र बसतं तेव्हा गुरं मोजली जातात, शेणाचं वजन विचारलं जातं, खड्ड्याचं माप निघतं. गव्हाणीत काय पडतं, हे कोणी विचारत नाही. पुणे जिल्ह्यात तर हे विचारायलाच हवं. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ'ची सुरुवात केली, आणि पुढं संकरित गाई गावोगाव गेल्या. त्या जास्त खातात, जास्त शेण टाकतात, त्यांच्याबरोबर हिरवा मका आणि पेंडही गोठ्यात आली. एकाच गावात एका गोठ्यात पेंड आणि दुसऱ्यात नुसता कडबा असतो. दोघांना एकच कोष्टक लावलं, की दुसऱ्या घरातली बाई वर्षभर बोलणी खाते आणि शेवटी पुन्हा सरपण गोळा करायला जाते.

औषधांचंही विचारायला हवं. कासदाहासाठी प्रतिजैविकं चालू असलेल्या गाईचं शेण नव्या टाकीत घालू नये, असं पशुवैद्यांनी बजावलं. औषधाचा काही अंश शेणात उतरतो आणि तो टाकीतल्या जिवाणूंनाही सोडत नाही. काही देशांत गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन घालतात. ते पोटातल्या जिवाणूंचा तोल बदलण्यासाठीच असतं, त्यामुळे अशा शेणाचा गॅस उशिरा सुरू होतो.

आमची टाकी शेवटी मामाच्या आणि गवळ्याच्या शेणाच्या मिश्रणानं भरली. काड्या जाळीनं गाळून काढल्या. आजींनी त्या वाळवून कुंड्यांच्या मातीत घातल्या. गॅस पेटता झाला तेव्हा वाड्यातल्या सगळ्यांनी त्यावर चहा घेतला. आता रोज खरकटं जातं: भाज्यांची देठं, शिळा भात, मंडईतून येताना मिळालेली नासकी फळं. भात किती घालायचा यावर माझं बारीक लक्ष असतं.

मामा यंदा मक्याचं मूरघास करणार आहेत. मका दाणा दुधाळ-चिकट असतानाच कापतात, त्यामुळे जून कडब्याइतकं लिग्निन त्यात नसतं. खड्डा उघडल्यावर गुरांना नव्या खाण्याची सवय होऊ द्यायची, मग कडब्याचं आणि मूरघासाचं शेण वाळवून, सुकं वजन सारखं करून बाटल्यांत भरायचं, असं आमचं ठरलं आहे. मामीनं दुकानातून एक रेघी वही मागवून घेतली आहे. एका पानावर शेगडी किती वेळ जळली ते, आणि समोरच्या पानावर त्या दिवशी गुरांपुढं काय टाकलं ते.